मुलांचे फोटो: अल्बम कपाटातून बाहेर पडला तेव्हापासून

मोबाइलवरून लोकांना तत्काळ पाठवलेला पहिला फोटो कोणाचा, असं विचारलं तर सहसा सांगितलं जाणारं उत्तर आहे: तान्ह्या बाळाचा. ११ जून १९९७. कॅलिफोर्नियातल्या सांताक्रूझच्या प्रसूतिगृहात फिलिप कान या तंत्रज्ञाने डिजिटल कॅमेरा, मोबाइल आणि लॅपटॉप वायरींनी कसेबसे जोडले आणि नुकत्याच जन्मलेल्या लेकीचा फोटो दोन हजारांहून जास्त लोकांना धाडला. फोन आणि कॅमेऱ्याची सोयरीक जुळली तीच मुळी एका बापाच्या हौसेपोटी. त्यामुळे आज आईबाप फोटो टाकतात म्हणून त्यांना नुसतं दटावणाऱ्या लेखांचं मला फारसं कौतुक नाही. हौस जुनीच आहे. बदललंय ते फोटोचं पुढे काय होतं, हे.

अल्बमच्या काळात न्हाऊ घालतानाचा फोटो पाहुण्यांसमोर उघडला की पोरगं लाजून आत पळायचं, पण पाहुणे उठले की अल्बम पुन्हा कपाटात. फार तर मोठेपणी तो फोटो हळूच काढून घेता यायचा.

खासगीपणाच्या आधुनिक कायद्याची सुरुवातही कॅमेऱ्याच्या धास्तीतूनच झाली. १८८८ मध्ये जॉर्ज ईस्टमनचा कोडॅक बाजारात आला, बटण दाबता येणारा कोणीही फोटोग्राफर झाला आणि दोनच वर्षांनी, १८९० मध्ये, सॅम्युअल वॉरन आणि लुई ब्रँडाइस या वकिलांनी ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये खासगीपणाच्या हक्कावरचा प्रसिद्ध लेख लिहिला. झटपट निघणारी छायाचित्रं आणि वृत्तपत्रं घरगुती आयुष्यात घुसतात, ही त्यांची तक्रार. घुसखोर बाहेरचा आणि घर म्हणजे आसरा, हे त्यात गृहीतच होतं.

पुढचे कायदेही याच गृहीतकावर उभे राहिले. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेने कलम १६ मध्ये मुलाला खासगीपणाचा स्वतंत्र हक्क दिला. पण अमेरिकेचा १९९८ चा ‘कोपा’ कायदा पाहा: तेरा वर्षांखालच्या मुलाकडून वेबसाइटने माहिती गोळा करायची तर पालकांची संमती हवी. म्हणजे राखणदार पालकच. राखणदारानेच दार उघडलं तर काय, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणाच्या मनात नव्हता.

तो लवकरच आला. फेसबुक २००६ मध्ये सर्वांना खुलं झालं, इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं. त्याच २०१० मध्ये एव्हीजी या कंपनीने दहा देशांतल्या मातांची पाहणी केली, तेव्हा दोन वर्षांखालच्या सुमारे ८१ टक्के मुलांचा काही ना काही ठसा इंटरनेटवर आढळला. काहींचा तर जन्माआधीच, सोनोग्राफीच्या चित्रातून. या सवयीला ‘शेअरेंटिंग’ हे नावही पडलं आणि २०१६ मध्ये कॉलिन्स शब्दकोशाच्या वर्षातल्या निवडक शब्दांत ते जाऊन बसलं.

एक साधा फोटो घेऊ. केक, त्यावर मुलीचं नाव, पाचच्या आकड्याची मेणबत्ती, पोस्टवर त्या दिवसाची तारीख. झाली पूर्ण जन्मतारीख. खाली मामाने लिहिलंय ‘हॅपी बर्थडे’, त्याच्या प्रोफाइलवर आडनाव आहे. आईचं माहेरचं आडनाव मिळालं, जे कित्येक बँका ओळख पटवायला विचारत आल्या आहेत. पहिल्या दिवशीच्या गणवेशाच्या फोटोत खिशावरचं बोधचिन्ह शाळा सांगतं. मूळ फाइलमध्ये फोटो कुठे काढला त्याचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. मोठ्या साइट्स ते सहसा काढून टाकतात, पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की राहतात. यातली एकही गोष्ट आईने ‘उघड’ केलेली नसते. तिने केक दाखवलेला असतो.

हे कोणी तरी माणूस बसून जोडतो असंही नाही. फ्लिकर या फोटो ठेवायच्या साइटवर लोकांनी हौसेने टाकलेल्या फोटोंमधून वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘मेगाफेस’ हा चेहऱ्यांचा संच तयार केला: चाळीस लाखांहून जास्त फोटो, सुमारे ६,७२,००० माणसं. चेहरा ओळखणाऱ्या प्रणाली त्यावर घासून-पारखून घेतल्या गेल्या. त्यांत घरच्यांनी वर्षांपूर्वी टाकलेले मुलांचे फोटोही होते, हे २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दाखवून दिलं. २०२४ मध्ये ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेला एआय घडवण्यासाठी वापरलेल्या ‘लायन-५बी’ या संचात ब्राझील आणि ऑस्ट्रेलियातल्या मुलांच्या फोटोंचे दुवे सापडले.

कायदा इथे अडखळतो तो एका शब्दापाशी: घरगुती. युरोपचा जीडीपीआर हा वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षणाचा कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाला, पण निव्वळ वैयक्तिक वा घरगुती व्यवहार त्यातून वगळले आहेत. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातही अशीच सूट आहे. पण फोटो सर्च इंजिनला सापडत असेल तर तो घरगुती उरतो का? मे २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या एका न्यायालयापुढे हाच पेच आला. आजीने नातवंडांचे फोटो फेसबुक आणि पिंटरेस्टवर टाकलेले. मुलांची आई काढा म्हणत होती, आजी ऐकेना. हे फोटो तिऱ्हाइतांच्या हाती पडण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून घरगुती सूट लागू होत नाही, असं म्हणत न्यायालयाने ते उतरवायला सांगितलं. न उतरवल्यास रोज ५० युरो दंड, जास्तीत जास्त १,०००. मायलेकींचं भांडण विदा-कायद्याने सोडवावं लागावं, याचं वाईट वाटतं. पण दुसरी वाटही उरली नव्हती.

फ्रान्सने मुळालाच हात घातला. १९ फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने मुलाच्या खासगीपणाची जपणूक पालकत्वाच्या जबाबदारीतच घातली. मुलाचं वय आणि समज पाहून त्याला या निर्णयात सामील करून घ्यायचं. आईवडिलांचं जमलं नाही तर दुसऱ्याच्या परवानगीशिवाय फोटो टाकायला न्यायाधीश एकाला मनाई करू शकतो.

मोठं झाल्यावर आपली लहानपणची माहिती पुसायला लावण्याची मुभा जीडीपीआर देतो. अर्ज मात्र त्या मुलालाच करायचा, ज्याच्याकडे ती माहिती आहे त्याच्याकडे, आणि ती कोणाकडे आहे हे आधी कळायला हवं. मेगाफेसचं वाटप २०२० मध्ये थांबलं. त्याआधी जगभरातल्या शेकडो कंपन्या आणि प्रयोगशाळांनी तो उतरवून घेतला होता.