भरमारीची दारू आणि काडतुसाची दारू

भाचा सुट्टीत गावी आला होता. तुरीच्या जागलीला माझ्यासोबत मचाणावर बसला आणि रानडुकरांची वाट पाहता पाहता मोबाइलवर अमेरिकेतला कुठलासा व्हिडिओ पाहू लागला. मधेच म्हणतो, "मामा, तिकडं मिलिट्रीची उरलेली दारू पिंपानं सस्त्यात भेटते म्हंते. लोकं घरीच काडतूस भरते. आबाजीच्या भरमारीत तेच टाकलं तर?"

"डुक्कर वाचन, तू नाही," मी म्हटलं. भरमार म्हणजे ठासणीची जुनी बंदूक.

दोष त्याचा नव्हता, शब्दाचा होता. ठेक्यावर मिळते ती दारू, फटाक्यात असते ती दारू, ठासणीच्या बंदुकीत कोंबतात ती दारू आणि फौजेच्या काडतुसात भरलेली तीही दारूच. पहिल्या दारूचा घोळ कोणी घालत नाही. घोळ होतो तो शेवटच्या दोघींत, कारण दोन्ही बंदुकीच्याच, आणि दिसायलाही पुष्कळदा सारख्याच काळ्या.

भरमारीतली ती काळी दारू. शोरा, गंधक आणि कोळसा यांचं मिश्रण, शेकडो वर्षं जगभर चाललेलं. आमच्या आबाजींकडे पीकसंरक्षणाच्या परवान्याची भरमार होती. शिंगाचं एक छोटं मापटं होतं, त्याच्या काठाला त्यांच्या अंगठ्यानं खळगा पडलेला. मापटं भरून नळीत दारू, वर चिंधी, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, आणि मागं ठिणगी पाडणारी टोपी. तराजू कधी लागला नाही. काळी दारू मापानंच भरतात आणि तिला ते चालतं. चिमूटभर इकडंतिकडं झाली तर बार थोडा जोरात किंवा थोडा दबका, एवढंच.

बार झाला की धुरात समोरचं काही दिसायचं नाही. त्याचं कारण सरळ आहे. काळी दारू जळली की तिचा निम्म्याहून जास्त भाग वायू होतच नाही. तो क्षारांची राख होऊन काही हवेत उडतो, काही नळीला चिकटतो. ही राख हवेतलं पाणी ओढते आणि लोखंड गंजवते. म्हणून बार काढल्यावर आबाजी त्याच रात्री नळीत गरम पाणी ओतायचे. सडक्या अंड्यासारखा वास सुटायचा, आणि आजी बंदूक अंगणाबाहेर न्यायला लावायची.

काडतुसातली दारू वेगळ्याच जातीची. 1884 साली पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ती तयार केली, आणि दोनच वर्षांत फ्रेंच फौजेनं लेबेल रायफल तिच्यावर बेतली. तिचं मूळ नायट्रोसेल्युलोजमध्ये, म्हणजे कापसासारख्या तंतूंवर केलेल्या रासायनिक प्रक्रियेत. कापूस पिकवणाऱ्या आपल्या मुलखाला हे ऐकून गंमत वाटावी. जळली की जवळजवळ सगळी वायूच होते, म्हणून धूर नावालाच. नावही तसंच पडलं, बिनधुराची दारू. भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत बनते ती या घराण्यातली.

खरा फरक मात्र धुराचा नाही, दाबाचा आहे. काळी दारू कोंडली तरी तिच्या जळण्याचा वेग फारसा चढत नाही. बिनधुराची दारू उघड्यावर पेटवली तर नुसती फुरफुरत जळून जाते; पाहणाऱ्याला वाटतं, हिच्यात काही दम नाही. पण तीच कोंडली की दाब वाढतो, दाबानं जळणं वेगावतं, त्यानं दाब आणखी वाढतो. शिवाय वजनाला वजन धरलं तर तिच्यात काळ्या दारूच्या सुमारे तिप्पट ताकद. आजची रायफल हा दाब गृहीत धरून पोलादातून घडवलेली असते. आबाजींची भरमार जुन्या मऊ लोखंडाची, आत कुठं गंजलेली, मागचा आटा झिजलेला. तिच्यात ते शिंगाचं मापटं भरून बिनधुराची दारू ओतली तर नळी चिरते, आणि चिरते ती बहुधा मागच्या अंगाला, म्हणजे डोळा आणि हात असतात तिथं.

रंगावरून ओळखू म्हणाल तर तिथंच फसगत. बिनधुराच्या दारूचे दाणे एकमेकांवर सरकावेत आणि घर्षणानं त्यांच्यावर वीज साचू नये म्हणून त्यांना ग्रॅफाइटचा हात देतात. त्यामुळे तेही काळपट, चकचकीत दिसतात. कुणाचे दाणे बारीक शेवयांच्या तुकड्यांसारखे, कुणाचे चपट्या टिकल्यांसारखे, कुणाचे मोहरीसारखे गोल. जुन्या डब्यातलं काळं भुकटं नुसतं पाहून ही कोणती दारू ते सांगणारा माणूस मला तरी भेटला नाही, आणि भेटला तर मी त्याच्या शेजारी उभा राहणार नाही.

आता व्हिडिओतल्या स्वस्ताईबद्दल. ती खोटी नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सरकारकडं दारूचे ढीग उरले होते. कॅन्ससच्या ब्रूस हॉजडन यांनी त्यातली 4895 क्रमांकाची रायफलची दारू घाऊक विकत घेतली, रेल्वेच्या जुन्या डब्यात भरून कुरणात ठेवली आणि हौशी नेमबाजांना किरकोळीनं विकली. पुढं 20 मिलिमीटर तोफेच्या गोळ्यांतली 4831 आली. तिकडं काडतुसाचं पितळी टरफल पुन्हा वापरून घरी भरणं कायदेशीर आहे. दारू ग्रेनमध्ये मोजतात, एका पौंडात 7000 ग्रेन. एका काडतुसाला साठेक ग्रेन धरले तरी एका पौंडात रायफलची शंभराहून जास्त काडतुसं सहज निघतात. दारू स्वस्त मिळाली की बारही स्वस्त पडतो.

पण तिथल्या जाणत्यांनाही याच 4831 नं चकवलं. 1970च्या दशकात दुसऱ्या कारखान्यानं त्याच आकड्याची नवी दारू बाजारात आणली आणि ती जुनीपेक्षा वेगानं जळणारी निघाली. डब्यावर आकडा एकच, पण एकीचं माप दुसरीला लावलं तर दाब भलतीकडं जातो. फौजेच्या दारूचं आणखी एक आहे. बाजारातल्या डब्यातली दारू दर खेपेला सारखीच वागेल अशी मिसळून आणलेली असते. फौजेला त्याची गरज नसते. कारखाना प्रत्येक खेपेची चाचणी घेऊन त्या खेपेपुरतं माप ठरवतो. पिंप फुटून दारू लोकांच्या हाती आली की ते माप मागंच राहतं.

आणि दारू म्हातारीही होते. नायट्रोसेल्युलोज हळूहळू आपोआप कुजतं. ते रोखायला त्यात स्थिरक घालतात, पण तो वर्षागणिक संपत जातो. झाकण उघडल्यावर आंबट, झोंबणारा वास आला किंवा तांबूस वाफ दिसली तर ती दारू संपली समजायची. ढिगानं साठली असेल तर ती आतून तापून आपणच पेटू शकते. अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात कॅम्प मिंडेन या लष्करी तळावर 2012 साली टाकाऊ लष्करी दारूच्या कोठाराचा स्फोट झाला, आणि उरलेले लाखो पौंड पुढं खास भट्टी बसवून जाळावे लागले. सस्त्या मालामागं हेही कारण असतं: ठेवून घेणं विकण्यापेक्षा महाग पडतं.

आपल्याकडं हा बाजारच नाही. काडतूस बनवायला 1959च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, आणि फौजेची दारू कुणाच्या घरात सापडली तर पहिला प्रश्न ती आली कुठून हा असतो. डुक्कर मारायचं तर वनखात्याची परवानगी वेगळीच. निकामी मालाला हात लावणं काय असतं ते वर्धा जिल्ह्यानं पाहिलंय. 2018च्या नोव्हेंबरात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा जण गेले, आणि त्यांत ठेक्यावरचे मजूरही होते.

भाच्यानं हे सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मंग आबाजीच्या डब्यात जे उरलं आहे, ते कोणतं?"

तो डबा गोठ्याच्या आढ्याला टांगलेला आहे, हे मी पार विसरलो होतो. सकाळी तो न हलवता ठाण्यात कळवलं.