रहस्यमालिकेच्या भागावरील प्रेक्षकचर्चा (ठाणे)

नौपाडा-पाचपाखाडीतल्या सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा घोडबंदर रोडवरच्या एखाद्या क्लबहाउसात वीसेक जणांनी जुन्या डिटेक्टिव्ह मालिकेचा एक भाग एकत्र पाहायचा आणि लगेच त्याची चिरफाड करायची, असा हा प्रकार. त्यासाठी ‘कोलंबो’ या अमेरिकी मालिकेतला ‘मर्डर बाय द बुक’ (१९७१, दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग, लेखक स्टीव्हन बॉचको) सोयीचा पडतो. भाग सव्वा तासाचा आहे, त्यामुळे आठला सुरू केला तरी चर्चेला तासभर उरतो.

खुर्च्या लागून दिवे मालवल्याशिवाय भाग सुरू करू नये. सुरुवातीला संवाद नाहीत. टाइपरायटरची टकटक ऐकू येते आणि खुनी गाडीतून येताना दिसतो. खुर्च्यांच्या खरखरीत ही टकटक हरवली तर स्पीलबर्गची करामत वायाच जाते. फरशीच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. तो वाढवण्यापेक्षा स्पीकर पडद्यापाशी ठेवून इंग्रजी सबटायटल लावलेली बरी.

‘सीआयडी’वर पोसलेला प्रेक्षक इथे पहिल्यांदा गोंधळतो, कारण खुनी सुरुवातीलाच कळतो. केन फ्रँकलिन आपला सहलेखक जिम फेरिस याला सॅन दिएगोजवळच्या घरी नेतो, ‘ऑफिसात काम करतोय’ असा फोन बायकोला करायला लावतो आणि फोन चालू असतानाच गोळी घालतो. म्हणजे ‘कोणी केलं’ हा प्रश्नच उरत नाही. चर्चा व्हायची ती डिटेक्टिव्ह कोलंबोने त्याला कसा पकडला आणि ते पटतं का, यावर. शेवटची दहा-पंधरा मिनिटं उरली की भाग थांबवून प्रत्येकाकडून चिठ्ठीवर एकच ओळ लिहून घ्यावी: केन कशामुळे अडकणार? तोंडी विचारलं की पहिल्या खड्या आवाजामागे सगळा हॉल जातो.

हमखास वाद दोन मुद्द्यांवर पेटतो. पार्टनर मेल्याची बातमी कळल्यावर केन सॅन दिएगोकडून विमानाने न येता गाडीने आला, हे कोलंबोला खटकतं. ठाणेकराला त्यात काहीच वावगं दिसत नाही. नाशिकहून अशी बातमी आली तर कोण विमान शोधतं? आपल्याच अंगणात पार्टनरचं प्रेत पडलेलं असताना केन टपाल फोडून पाहतो, हा सुगावा मात्र सगळ्यांना पटतो.

दुसरा मुद्दा शेवटचा. फेरिसच्या कागदांत याच खुनाची क्लृप्ती टिपलेली सापडते आणि केन ती आपलीच असल्याचं कबूल करतो. ‘कोर्टात हे टिकणार नाही’ ही तक्रार खरीच आहे. पण तो कागद केनच्या वर्मी लागतो: पुस्तकं लिहायचा फेरिस, मिरवायचा केन, आणि त्याची स्वतःची अशी कल्पना ही एवढीच. चर्चा कोर्टावरच अडली तर हे निसटतं.

केनला ब्लॅकमेल करणाऱ्या दुकानदारीणबाईंचा खून, म्हणजे भागातला दुसरा खून, बहुतेकांना घाईचा वाटतो. गुण द्यायचे असतील तर अभिनयाचे आणि पुराव्याचे वेगळे द्यावेत. जॅक कॅसिडीचा केन इतका लाघवी आहे की एरवी त्याचे गुण पटकथेच्या खात्यात जमा होतात.