सिंहस्थाचा ध्वज एकवीस महिने का?

गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर रोज भेटणाऱ्या एका काकांनी परवा मला अडवलं. "तुम्ही ते ग्रह-तारे बघता ना? मग सांगा. गुरू सिंह राशीत असतो तेव्हा नाशकात सिंहस्थ कुंभमेळा, आणि गुरू एका राशीत वर्षभर असतो. सिंहस्थाचा ध्वज चढणार ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि उतरणार २४ जुलै २०२८ ला. हे एकवीस महिने झाले. वरचे नऊ कुठून आले?"

प्रश्न शंभर नंबरी. नाशकात सध्या रस्ता खणला तरी सिंहस्थ आणि बुजवला तरी सिंहस्थ. पण ज्याच्यामुळे हे सगळं चाललंय तो गुरू आकाशात बोट दाखवून ओळखणारे माझ्या ओळखीत चार-पाचच निघतील.

काकांचा हिशेब सरासरीचा होता आणि तो बरोबरच आहे. गुरूला सूर्याभोवती एक फेरी मारायला ११.८६ वर्षं लागतात, म्हणजे एका राशीला वर्षाला थोडं कमी. (पूर्ण बारा नाहीत, म्हणून चूक साठत जाते. हरिद्वारचा २०१० नंतरचा कुंभ त्यामुळेच अकरा वर्षांनी, २०२१ मध्ये आला.) पण हा वेग सूर्यावरून पाहणाऱ्याचा. आपण पाहतो पृथ्वीवरून, आणि पृथ्वी स्वतः पळतेय.

मी काकांना बाहेरच्या लेनमधून त्यांच्या चालीने चालायला सांगितलं आणि स्वतः आतल्या लेनमधून पळत सुटलो. त्यांना गाठून पुढे जाताना त्यांच्यामागच्या खांबांकडे बघत राहिलो. आधी काका तिसऱ्या खांबासमोर होते, मग दुसऱ्या, मग पहिल्या. पाय पुढे पडत होते, पण मला ते खांबांवरून मागे सरकताना दिसत होते! मैदानाच्या पलीकडच्या बाजूला गेलो तेव्हा मात्र तेच काका भराभर पुढे जाताना दिसले. पंचांगात 'गुरू वक्री' असं छापतात ते एवढंच. आतली लेन पृथ्वीची, बाहेरची गुरूची, खांब म्हणजे दूरचे तारे.

आता जरा आकडे. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर धावते, गुरू १३. आपण त्याला ओलांडतो तो दिवस प्रतियुतीचा. त्या दिवशी सूर्य एका बाजूला, गुरू बरोबर विरुद्ध बाजूला आणि मध्ये आपण. तेव्हा आपण त्याच्या पुढे दिवसाला साधारण १५ लाख किलोमीटर जातो. गुरू असतो ६५ कोटी किलोमीटरवर. १५ लाखांना ६५ कोटींनी भागा आणि उत्तर अंशांत आणायला ५७.३ ने गुणा. रोज अंशाचा सुमारे आठवा भाग एवढा तो मागे सरकताना दिसतो. प्रतियुतीच्या दोन महिने आधी आणि दोन महिने नंतर मात्र आपली धाव त्याच्याकडे पाहण्याच्या रेषेला तिरकी असते. आपल्या वेगाचा त्या रेषेला काटकोनात असलेला भागच कामी येतो, आणि तो गुरूच्या वेगाच्या तशाच भागाएवढा झाला की गुरू ताऱ्यांमध्ये थबकतो. याला स्तंभी म्हणतात. दोन थांब्यांच्या मधले चार महिने तो वक्री, आणि तेवढ्यात दहा अंश मागे. हात लांब करून मूठ धरली तर मुठीच्या रुंदीएवढं. ओलांडण्याचा हा प्रकार दर ३९९ दिवसांनी होतो.

हे सिंह राशीवर बसवून बघू. ३१ ऑक्टोबरला गुरू सिंहेत शिरतो आणि जेमतेम तीन अंश आत जाऊन डिसेंबरच्या मध्याला थबकतो. मग वक्री होऊन जानेवारीअखेर पुन्हा कर्केत. जून २०२७ अखेर परत सिंहेत. नोव्हेंबरात पुढे कन्येत, तिथे पुन्हा वक्री, फेब्रुवारीअखेर पुन्हा सिंहेत, आणि जुलै २०२८ मध्ये एकदाचा बाहेर. काकांचे नऊ महिने या ये-जा करण्यातले आहेत.

२०१५ च्या सिंहस्थात आमच्या घरातलं एक ठरलेलं लग्न 'सिंहस्थात लग्न नको' म्हणून लांबलं. मुलगा-मुलगी दोघंही इंजिनिअर! गुरू वक्री झाला की व्यवहार अडतात म्हणणाऱ्यांना मी गोल्फ क्लबवर बोलावतो. मी पुढे निघून गेलो म्हणून काकांच्या संसारावर काही परिणाम झाल्याचं ऐकिवात नाही.

बघायचा कधी? ध्वजारोहणाच्या रात्री दीडच्या सुमारास गुरू पूर्वेला उगवेल. ८ नोव्हेंबरला अभ्यंगस्नानाला पहाटे पाचला उठाल तेव्हा आधी गच्चीवर जा. पूर्वेकडे बरंच वर न लुकलुकणारा ठळक पांढरा तो गुरू, शेजारी तांबूस मंगळ. थोड्या वेळाने क्षितिजालगत शुक्र येईल. १६ तारखेच्या पहाटे गुरू आणि मंगळ इतके जवळ येतील की हात लांब करून धरलेल्या एका बोटाआड दोघंही मावतील. शनी संध्याकाळीच पूर्वेला दिसतो, पण त्याची कडी बघायला दुर्बीण लागते.

गुरूचा खरा हंगाम फेब्रुवारी २०२७. ११ तारखेच्या आसपास त्याची प्रतियुती, १९ च्या आसपास मंगळाची. सूर्य मावळला की दोघंही पूर्वेला हजर आणि रात्रभर मुक्काम. गंगापूर धरणाच्या बाजूला गेलात तर शहराचा उजेडही जरा मागे पडतो. साधी द्विनेत्री (बायनॉक्युलर) हात न हलवता धरली तर गुरूच्या शेजारी त्याचे चंद्र ठिपक्यांसारखे दिसतील. तेव्हा 'चंद्राएवढा मंगळ' हा मेसेजही फिरेल, तो पुढे पाठवू नका. २००३ मध्ये मंगळ साडेपाच कोटी किलोमीटरवर आला होता, तेव्हाही तो डोळ्यांना ठिपकाच होता. या फेब्रुवारीत तर तो दहा कोटींवर असेल.

गंमत अशी की त्या फेब्रुवारीत पंचांगाप्रमाणे गुरू कर्केत असेल, सिंहेत नाही. आणि ३१ ऑगस्ट २०२७ चं अमृतस्नान? तेव्हा सूर्यही सिंहेत असतो, म्हणजे गुरू त्याच्याच झोतात. त्याच सुमारास दोघांची युती आहे. रामकुंडावर लाखोंची गर्दी असेल आणि गुरू सूर्याच्या पलीकडे. ढग नसले तरी तो दिसायचा नाही.