जुन्या मोटरहोमच्या टाकीत काय ओतावं?

ॲरिझोनातल्या क्वार्ट्झसाइट गावाभोवतीच्या वाळवंटात दर हिवाळ्यात मोटरहोमांची, म्हणजे चाकांवरच्या चालत्या घरांची, वस्ती उभी राहते. उत्तरेकडच्या थंडीतून पळून आलेली ही बहुतेक निवृत्त मंडळी. त्यांच्या गाड्यांत पंचवीस-तीस वर्षं जुने ‘डिझेल पुशर’, म्हणजे मागच्या बाजूला कमिन्स किंवा कॅटरपिलरचं इंजिन असलेली बसएवढी घरं, भरपूर दिसतात. अशा मालकांच्या गप्पा हमखास एका प्रश्नावर येतात: टाकीत कोणतं ॲडिटिव्ह, म्हणजे डिझेलमध्ये मिसळायचं रसायन, टाकता? बाटलीवरचं लेबल वाचलं तर पंपाला वंगण, इंजिनात डिझेल फवारणाऱ्या इंजेक्टरची सफाई, पाण्याचा बंदोबस्त, थंडीपासून रक्षण, सगळं एकाच औषधात. जत्रेतल्या जडीबुटीवाल्याची आठवण यावी असा प्रकार.

वंगणाच्या काळजीला मात्र खरा आधार आहे. अमेरिकेत १९९३ साली रस्त्यावरच्या डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा ५०० पीपीएमवर (दहा लाख भागांत ५०० भाग) आली आणि २००६ पासून ती १५ पीपीएम झाली. इंजेक्टरला दाबाने डिझेल पुरवणाऱ्या जुन्या रोटरी पंपाला इंजिन ऑइल मिळत नाही. त्याच्या आतल्या भागांना वंगण मिळतं ते त्यातून वाहणाऱ्या डिझेलचंच. म्हणून ‘गंधक गेलं आणि वंगण गेलं’ असं मालक म्हणू लागले. पण गंधक हे मुळात वंगण नव्हेच. रिफायनरीत ते काढायला डिझेल तापवून, दाबाखाली हायड्रोजनसोबत उत्प्रेरकावरून नेतात. या प्रक्रियेत गंधकासोबत नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेली काही संयुगंही नष्ट होतात. धातूला चिकटून पातळ थर धरण्याचं काम ती करत होती. स्वीडनने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अगदी कमी गंधकाचं डिझेल आणलं, तेव्हा तिथले पंप अकाली झिजले आणि हा धडा मिळाला.

त्यावर तोडगा निघाला आणि तो मोजताही येतो. सहा मिलिमीटरचा पोलादी गोळा ६० अंश तापमानाच्या डिझेलमध्ये बुडवून पोलादी चकतीवर ७५ मिनिटं घासतात, सेकंदाला ५० वेळा. मग गोळ्यावर पडलेला चट्टा सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. अमेरिकेत हा चट्टा ५२० मायक्रॉनपेक्षा, म्हणजे साधारण अर्ध्या मिलिमीटरपेक्षा, मोठा चालत नाही. युरोपात आणि आपल्याकडे मर्यादा ४६० मायक्रॉनची. भारतात तर १ एप्रिल २०२०पासून गंधक १० पीपीएमवर आलंय, तरी पंपांचा खच पडलेला नाही. कारण वंगण वाढवणारी रसायनं डिझेल पेट्रोल पंपावर येण्याआधीच त्यात मिसळलेली असतात. जुन्या रोटरी पंपाच्या मालकाला आणखी खात्री हवी असेल तर जादा वंगण टाकायला हरकत नाही. दोन टक्के बायोडिझेलनेही हा चट्टा चांगलाच लहान होतो. उलट डिझेल पातळ करायला रॉकेल ओतलं, तर होतं तेवढं वंगणही घटतं.

पंप गळायला लागला तर दोष बहुधा गळती अडवणाऱ्या रबरी सीलचा असतो. जुनी नायट्राइल रबराची सील डिझेलमधल्या ॲरोमॅटिक नावाच्या संयुगांनी फुगून घट्ट बसलेली असतात. नव्या डिझेलमध्ये ही संयुगं कमी असली की ती आक्रसतात, आणि वयाने कडक झालेलं रबर पुन्हा फुगत नाही. इथे बाटली नाही, नवं सील लागतं.

सीटेनचं, म्हणजे डिझेल किती पटकन पेट घेतं त्या आकड्याचं, थोडक्यात सांगतो. अमेरिकेत किमान सीटेन ४०, युरोपात आणि भारतात ५१. सीटेन वाढवणाऱ्या द्रवाने थंडीत गाडी लवकर सुरू होते, पांढरा धूर कमी होतो. घाटात जास्त ताकद मिळेल ही आशा सोडावी.

माझ्या मते जुन्या मोटरहोमचा खरा शत्रू म्हणजे तिचं उभं राहणं. ट्रकची टाकी दोन दिवसांत रिकामी होते. मोटरहोमची टाकी सहा-सहा महिने अर्धी भरलेली असते. दिवसा टाकीतली हवा प्रसरण पावून बाहेर जाते, रात्री दमट हवा आत येते आणि थंड पत्र्यावर तिचं पाणी होतं. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून तळाशी जमतं. तिथे, पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर, हॉर्मोकोनिस रेझिनीसारखी बुरशी आणि जिवाणू वाढतात. ते डिझेल खातात, आम्ल सोडतात आणि काळपट बुळबुळीत थर तयार करतात. गाडी हलली की हा थर ढवळून थेट फिल्टरमध्ये जातो. जैवनाशकाने बुरशी मरते, पण मेलेला गाळही फिल्टरमध्येच अडकतो. म्हणून औषध टाकल्यावर एक-दोन जादा फिल्टर सोबत ठेवलेले बरे. पाण्यासाठीची ॲडिटिव्ह दोन जातींची: एक पाणी डिझेलमध्ये विरघळल्यासारखं मिसळून टाकतं, दुसरं ते वेगळं करून तळाशी पाडतं. वॉटर सेपरेटर, म्हणजे डिझेलमधलं पाणी वेगळं काढणारा फिल्टर, असलेल्या गाडीला दुसरं बरं. सेपरेटरच्या तळाचा नळ उघडला की काम झालं.

महिन्यातून एकदा दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवायची सवयही वाईट. तेवढ्यात ऑइल नीट तापत नाही आणि त्यात आलेली वाफ आतच राहते. चालवायचीच तर अर्धा तास रस्त्यावर न्यावी, नाहीतर टाकी भरून, ऑइल बदलून शांत उभी ठेवावी.

कमिन्सच्या ८.३ लिटर सी-मालिकेसारख्या वेट लायनर इंजिनांत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला (लायनरला) बाहेरून थेट कूलंट लागतं अशा इंजिनांत, कूलंटकडेही (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाकडे) बघावं लागतं. लायनर थरथरतो, त्याच्या बाहेर कूलंटचे बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लायनरच्या धातूला टोचे पाडतात. शेवटी आरपार भोक. कूलंटमधलं नायट्राइट हे रोखतं, आणि त्याचं प्रमाण कूलंटमध्ये बुडवायच्या साध्या चाचणी-पट्टीने तपासता येतं. डिझेलच्या बाटल्यांवर होणाऱ्या चर्चेच्या मानाने या पट्टीला कोणी विचारत नाही.

थंडीवरचं औषध मात्र वेळेवरच घालावं लागतं. डिझेलमधलं मेण विशिष्ट तापमानाला स्फटिक धरू लागतं आणि डिझेल ढगाळ दिसतं. ॲडिटिव्ह हे स्फटिक थांबवत नाही, ते बारीक ठेवतं, म्हणजे फिल्टरमधून जातात. त्यामुळे ते डिझेल ढगाळण्याआधी मिसळायला हवं. मार्चमध्ये ॲरिझोनातून उत्तरेकडच्या थंड मिनेसोटाला परतणाऱ्यांची नेमकी इथे गफलत होते. टाकीत असतं वाळवंटातलं, हिवाळ्यासाठी न बनवलेलं डिझेल, आणि रात्री मुक्काम पडतो शून्याच्या बराच खाली. त्यांनी ॲडिटिव्ह ॲरिझोनातच घालावं, किंवा वाटेत टाकी रिकामी होऊ देऊन पुढच्या राज्यातलं हिवाळी डिझेल भरावं.