सांत्वन प्रार्थना (नागपूर)

मृत्यूनंतर ख्रिस्ती मंडळीने (चर्चच्या सभासदांनी) शोकाकुल घरी जमून केलेली प्रार्थना. घरच्यांसाठी असली, तरी मृताच्या मित्रांना तिचा मोठा आधार असतो. या नोंदीत मुख्यतः त्याच बाजूचा विचार आहे.

मराठी समाजात दुःखाला नात्याचे माप असते. सुतक कोणाला दहा दिवसांचे, कोणाला तीन; मित्राला काहीच नाही. शाळेपासूनचा सोबती अंत्ययात्रेत मागे चालतो आणि दुसऱ्या दिवशी कामावर जातो. ख्रिस्ती घरांत सुतक नाही आणि मंडळीत सगळे एकमेकांना बंधू-भगिनी म्हणतात. त्यामुळे मित्रालाही शोकात हक्काची जागा मिळते.

रीत साधी. दाराशी चपलांचा ढीग, शेजारून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, कव्हर निखळलेले गीतपुस्तक दोघांत एक. पाळक (मंडळीचे धर्मगुरू) बायबलमधील तेविसावे स्तोत्र वाचतात, गीते होतात, मग ज्याला बोलावेसे वाटेल तो ‘साक्ष’ देतो. घरच्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही. बोलतो तो मित्र. अंबाझरी तलावावर गळ टाकून रिकाम्या हाताने परतल्याची गोष्ट निघते, लोक हसतात आणि हसता हसता सांगणाऱ्याचाच आवाज बसतो. शेवटी चहा. त्या घरी चूल पेटत नाही तोवर डबे शेजारपाजारचे.

या प्रार्थनेची भाषा बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील 11व्या अध्यायाशी जुळते. तेथे येशू मेलेल्या लाजराविषयी ‘आपला मित्र लाजर झोपला आहे’ म्हणतो. शोकसंदेशांतले ‘प्रभूमध्ये निद्रिस्त’ त्याच कल्पनेचे. लाजराला आपण मरणातून उठवणार हे ठाऊक असूनही कबरीकडे जाताना येशू रडला. ‘विश्वास आहे ना, मग रडता कशाला?’ असे दटावणारे मंडळीत असतातच, त्यांनी हे वाचावे. प्रेषित पौलाने थेस्सलनीका येथील मंडळीला आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका असे लिहिले, अश्रूंना मनाई केली नाही. बायबलमधील दुःखाने खचलेल्या ईयोबाचे सांत्वन करायला आलेले मित्रही सात दिवस, सात रात्री गप्प बसले तोवर ठीक होते. बिघडले ते बोलू लागल्यावर.

नागपुरात मराठी मंडळीची घडण स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांच्या कामाशी जोडलेली आहे. टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना 4 सप्टेंबर 1863 रोजी ते पुरात बुडाले. त्यांचे अपुरे राहिलेले कागद मध्य प्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी टिपांसह 1866 मध्ये छापले. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या एकत्र येऊन बनलेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापनाही याच शहरात, 29 नोव्हेंबर 1970 रोजी झाली.

कॅथलिक घरांत पाळकांच्या जागी फादर येतात, जपमाळ म्हटली जाते, मृतासाठी मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) अर्पण होते. 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, कबरी धुऊन फुले वाहतात. घरच्यांच्या मेणबत्त्यांशेजारी एखादी जास्तीची जळत असते. ती कोणी लावली, हे घरच्यांना बहुधा ठाऊक असते.