कर्करोगजन्य दृष्टिपटलविकार

शरीरात दुसरीकडे कर्करोग असताना, डोळ्यात गाठ नसूनही दृष्टिपटलातील (डोळ्याच्या आतल्या पडद्यातील) प्रकाशग्राही पेशी मरत जाऊन नजर जाण्याचा दुर्मीळ विकार. डॉक्टरांच्या बोलण्यात तो ‘कॅन्सर असोसिएटेड रेटिनोपॅथी’ किंवा नुसता ‘कार’. फुफ्फुसाच्या स्मॉल सेल (लहान पेशींच्या, वेगाने पसरणाऱ्या) कर्करोगाशी त्याचे नाते सर्वांत जवळचे. स्तन, गर्भाशय व बीजांडकोशाच्या कर्करोगातही तो आढळतो.

फुफ्फुसाचा कर्करोग डोळ्याला दोन वाटांनी गाठतो. सरळ वाट रक्ताची : गाठीतल्या पेशी वाहत येऊन दृष्टिपटलामागच्या रंजितपटलात (रक्तवाहिन्यांच्या थरात) रुजतात. तिथे पिवळसर डाग उमटतो, दृष्टिपटलाखाली पाणी साठते आणि तो पडदा उचलला जातो. हा डाग तपासणीत दिसतो, म्हणून सापडतो. दुसरी वाट आडवळणाची, आणि हा विकार त्या वाटेने येतो.

रिकव्हरिन हे सुमारे 23 किलोडाल्टन वजनाचे, कॅल्शियम धरणारे प्रथिन एरवी मुख्यतः प्रकाशग्राही पेशींत असते. उजेडाला दिलेला प्रतिसाद किती वेळ टिकावा, यात त्याचा हात असतो. काही स्मॉल सेल गाठी हेच प्रथिन तयार करू लागतात. डोळ्याबाहेर ते दिसताच रोगप्रतिकारशक्ती त्याला परके ठरवते व त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवते. ही प्रतिपिंडे दृष्टिपटलात पोहोचली की तिथल्या पेशींनाही सोडत नाहीत. लढाई गाठीशी, बळी डोळ्याचा. एनोलेज या विकरासह (एन्झाइमसह) इतर प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडेही सापडतात. पण एनोलेजची प्रतिपिंडे निरोगी माणसांतही मिळत असल्याने केवळ त्या अहवालावर निदान बेतणे धोक्याचे.

1976 मध्ये सॉयर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 3 रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा हा विकार प्रथम वेगळा ओळखला गेला.

रुग्ण बहुधा साठीच्या आसपासचा. तक्रार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत वाढते, सहसा दोन्ही डोळ्यांत. दुपारी घराबाहेर पाऊल टाकले की डोळे दिपतात आणि बराच वेळ सावरत नाहीत. डोळे मिटले तरी ठिणग्या चमकतात, पाण्यावरच्या उन्हासारखे काहीतरी हलत राहते. संध्याकाळी जिना उतरताना पायरी चुकते. नजरेच्या मध्याभोवती आंधळे कडे तयार होते : ज्या कपाकडे पाहतोय तो दिसतो, पण शेजारी ठेवलेली बशी नाही. रंग व बारकावे टिपणाऱ्या शंकुपेशी अधिक बिघडल्या तर रंग फिके पडतात व वाचणे अवघड होते.

गोची अशी की सुरुवातीला डोळा आतून जवळजवळ निरोगी दिसतो. धमन्या बारीक झालेल्या कळायलाही वेळ लागतो. या वयात थोडाफार मोतीबिंदू असतोच, मग दोष त्याच्यावर जातो. ठिणग्या व दिपण्याची तक्रार मात्र ‘वयाने होतं असं’ म्हणून सोडून देण्याजोगी नाही, विशेषतः माणूस वर्षानुवर्षे विडी-सिगारेट ओढणारा असेल तर.

खरा उलगडा इलेक्ट्रोरेटिनोग्राम, म्हणजे दृष्टिपटलाच्या विद्युत्‌प्रतिसादाचा आलेख, करतो. बाहुल्या मोठ्या करून रुग्णाला काही वेळ पूर्ण अंधारात बसवतात, मग घुमटासारख्या यंत्रातून प्रकाशाचे झोत टाकून डोळ्यातले विद्युत्‌स्पंद नोंदवतात. जिथे आलेखाने आधी खाली व मग वर उसळी घ्यायची, तिथे तो पार दबलेला किंवा सपाट निघतो. पडदा शाबूत दिसतोय आणि आलेख सपाट आहे, ही विसंगतीच डॉक्टरला छातीकडे वळवते.

कारण अनेकदा नजर आधी जाते आणि कर्करोग नंतर सापडतो, कधी काही महिन्यांनी. साध्या एक्स-रेत फुफ्फुसाच्या मुळाशी दडलेली लहान गाठ निसटू शकते, म्हणून सीटी स्कॅन, गरज पडल्यास पेट स्कॅन करतात. काही न मिळाल्यास ठरावीक काळाने पुन्हा.

उपचारात स्टेरॉइड, शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे), प्लाझ्मा (रक्तद्रव) बदलणे, प्रतिपिंडे बनवणाऱ्या साखळीतल्या पेशी कमी करणारे रिटुक्सिमॅब असे पर्याय वापरले जातात. आजार विरळ असल्याने यांपैकी कशाचीही मोठी, काटेकोर चाचणी झालेली नाही. मूळ कर्करोगावर केमोथेरपी लागतेच, पण गाठ आटली म्हणून नजर परतेल असे नाही. मेलेल्या प्रकाशग्राही पेशी पुन्हा उगवत नाहीत. उपचार लवकर सुरू झाले तर उरलेली नजर टिकू शकते, क्वचित थोडी सुधारतेही.