प्रश्न किती कॅल्शियमचा नव्हे, कुठल्या वाहिनीचा

चेतापेशीत मुक्त कॅल्शियम अत्यल्प असतं. बाहेर त्याच्या सुमारे 10,000 पट. म्हणून पेशीपटलातली कॅल्शियम वाहिनी, म्हणजे कॅल्शियमला आत सोडणारं प्रथिनाचं दार, क्षणभर उघडली, तरी आत मोठी उलथापालथ होते. 1953 मध्ये पॉल फॅट आणि बर्नार्ड कॅट्झ यांना कवचधारी प्राण्यांच्या स्नायूंत, एरवी लागणाऱ्या सोडियमविनाही विद्युत आवेग दिसले. त्यामागे कॅल्शियम आहे, हे पुढे स्पष्ट झालं.

जनुकांशी त्याचा संबंध ठळकपणे दिसला तो 1986 मध्ये. मायकेल ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी पीसी-12 या चेतापेशींसारख्या वागणाऱ्या पेशींना अॅसिटिलकोलिन या चेतासंदेशक रसायनाच्या ग्राहीमार्फत (ते रसायन टिपणाऱ्या प्रथिनामार्फत) उत्तेजित केलं, तर काही मिनिटांत सी-फॉस हे जनुक जागं झालं. बाहेरचं कॅल्शियम काढून घेतलं की ते गप्पच राहायचं. 1991 मध्ये मधला दुवाही हाती लागला: कॅल्शियममुळे क्रेब या प्रथिनातल्या 133 व्या जागेवरच्या सेरीन या अमिनो आम्लावर फॉस्फेट बसतो आणि क्रेब जनुकांचं वाचन सुरू करून देतं.

इथेच खरा पेच पडला. कॅल्शियम तर अनेक वाटांनी आत येतं. मग केंद्रकापर्यंत निरोप पोचवण्यात एल-प्रकारच्या वाहिन्याच (कॅल्शियम वाहिन्यांच्या अनेक प्रकारांपैकी एक) इतक्या पुढे का?

या प्रश्नावरचा 2001 चा रिकार्डो डॉल्मेच, ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांचा प्रयोग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत देखणा वाटतो. त्यांनी एल-प्रकारची अशी वाहिनी घडवली, जिच्यावर एल-वाहिन्या बंद करणाऱ्या डायहायड्रोपिरिडिन औषधांचा परिणाम होत नाही. ती चेतापेशीत घातली आणि औषध देऊन पेशीच्या मूळच्या एल-वाहिन्या बंद केल्या. आता जे काही घडेल ते या नव्या वाहिनीमुळेच. मग तिच्या आतल्या टोकाचा, कॅल्मोड्युलिन हे कॅल्शियम टिपणारं प्रथिन जिथे चिकटतं तो भाग बदलला. कॅल्शियम आत येतच राहिलं, पण केंद्रकाकडे जाणारा निरोप खुंटला. म्हणजे वाहिनीच्या तोंडाशीच बसलेलं कॅल्मोड्युलिन आलेलं कॅल्शियम टिपतं आणि एमएपी-कायनेझ या एकमेकांना निरोप देणाऱ्या प्रथिनांच्या साखळीमार्फत पुढे कळवतं. नुसतं आत येणं पुरेसं नाही.

2004 मध्ये टिमथी सिंड्रोम या दुर्मीळ आनुवंशिक विकाराचं मूळ याच वाहिनीच्या जनुकातल्या एका बदलात सापडलं. त्यामुळे वाहिनी वेळेवर मिटत नाही; मुलांच्या हृदयाचे ठोके बिघडतात, बोटं जोडलेली असतात, अनेकांत स्वमग्नताही दिसते. 2011 मध्ये डॉल्मेच यांच्याच प्रयोगशाळेने अशा रुग्णांच्या त्वचापेशींपासून चेतापेशी तयार केल्या. त्यांत डोपामिन या चेतासंदेशक रसायनासाठी लागणारं टायरोसिन हायड्रॉक्सिलेज हे विकर बनवणाऱ्या पेशी नेहमीपेक्षा जास्त निघाल्या, आणि डोपामिनही.